चार नंबरची बाटली

३ मार्च, रविवार

गाडीच्या काचेखाली लाल दिवा लागलाय. ब्रेकचं तेल कमी झालं म्हणे. आता हेच राहिलं होतं!

ह्यांना सांगितलं. बऱ्याच दिवसांनी हे आपणहून उठले, काठी टेकत मागच्या शेडपर्यंत गेले. केवढा वेळ लावला! पण चेहऱ्यावर जरा तरतरी दिसली. मला बरं वाटलं.

४ मार्च, सोमवार

गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने ब्रेकच्या तेलाच्या तीन नंबर, चार नंबर, पाच नंबर अशा बाटल्या पुढ्यात मांडल्या. "पाच घ्या, सगळ्यात भारी!" साडी खपवतोय की काय! घरी फोन केला तर हे ओरडलेच — "पाच अजिबात नको! काही विकत आणू नकोस. शेडच्या फळीवर पिवळी बाटली आहे, चार नंबरची. तीच ओत."

मी घरी येऊन बाटली पाहिली. चार. ब्रेकच्या तेलाच्या टाकीचं झाकण पाहिलं. त्यावरही चारच. थेंबही न सांडता रेघेपर्यंत ओतलं. आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या माणसाची बायको आहे, उगाच नाही!

५ मार्च, मंगळवार

ह्यांच्या डायलिसिसला जाऊन आलो. निघताना ह्यांचं नेहमीचं — "आधी पेडल, मग किल्ली." मला गाडी शिकवली तेव्हापासून हेच. ब्रेक दाबून पाहिल्याशिवाय माझा हात किल्लीकडे जातच नाही आता.

येताना हे सुईच्या जागेवरची पट्टी चोळत खिडकीबाहेर बघत होते.

७ मार्च, गुरुवार

गेलो नाही. जाताच आलं नाही!

फाटकाबाहेर काढली तर गाडी पुढे सरकेना. ब्रेकवरचा पाय काढला तरी ब्रेक सुटेनात. कोपऱ्यापर्यंत कशीबशी ओढली. जळका वास, चाकं तापलेली. हे शांत बसलेले. "राहू दे, परत चल," एवढंच.

रुग्णालयात फोन केला. "मशीन रिकामं नाही, आता शनिवारीच." ह्यांचे पाय सुजलेत, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. टॅक्सी बोलावते म्हटलं, दुसरीकडे कुठेतरी मशीन मिळेल. तर — "जिचे ब्रेक मला माहीत नाहीत त्या गाडीत मी बसणार नाही." ही काय हट्ट करायची वेळ आहे?

८ मार्च, शुक्रवार

मेकॅनिक आला होता. ह्यांचाच जुना विद्यार्थी. टाकीतलं थोडं काढून त्याने पेलाभर पाण्यात सोडलं. "ब्रेकचं असतं तर पाण्यात मिसळलं असतं, वहिनी." ते वर तरंगत राहिलं. "हे स्टीअरिंगचं तेल. ब्रेकमधले सगळे रबर फुगलेत. काय ओतलंत तुम्ही?"

मी धावत जाऊन बाटली आणली. हे बघ, चार नंबर! त्याने वास घेतला, बाटली उजेडात धरली. मग ह्यांच्या खोलीकडे पाहिलं आणि बाटली खाली ठेवली. म्हणाला, "नशीब, ब्रेक धरून बसले. निकामी झाले नाहीत." सामान यायला मंगळवार उजाडेल.

मीच ओतलं. माझ्याच हातांनी! वास घ्यायचं सुचू नये मला? शिजवताना कच्चं तेल वासावरून ओळखते आणि इथे नेमकी अक्कल गहाण टाकली. हे आता आडवं झोपले की घुसमटतात. भिंतीला उशा लावून बसवलंय. ह्यांना काही झालं तर ते मी केलेलं असेल. दुसऱ्या कुणी नाही. काय करू? कुणाचे पाय धरू?

नणंदेला फोन केला. "रडू नकोस वहिनी, सकाळी रुग्णालयात न्यायला गाडी घेऊन येते." हे म्हणाले, "तिच्या गाडीपेक्षा रांगत जाईन." एरवी हसले असते मी. तिने आजवर दोन फाटकं पाडलीत.

९ मार्च, शनिवार

सकाळी ह्यांच्या पायाशी बसून माफी मागितली. रडू आवरेना. ह्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"अगं, बाटलीत ते तेल मी भरलं. रविवारी. मला आता ते मशीन नको. तुला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही."

मग म्हणाले, "त्या तेलाने ब्रेक जाम होतात, सुटत नाहीत. तुला काही होऊ नये म्हणून तेच निवडलं. आणि तू पेडल दाबून बघणार, हे माहीत होतं."

खाली नणंद हॉर्न वाजवतेय. हे माझ्याकडे बघतायत. मी अजून खिडकीपाशी गेलेले नाही.