डाव्या बाजूचा थर्मास

तीर्थस्वरूप हेबेरमामा यांना,

माँटेव्हिडिओहून दार्दोचा नमस्कार, वाकून घातला असं समजावं (कंबर धरली आहे). तुमचा अल्सर काय म्हणतो? डॉक्टरनं दिवसभराचा येर्बाचा कडू काढा बंद करून तुम्हाला फुलांच्या चहावर बसवलं, हे आठवलं की माझ्या घशाखाली येर्बाचा घोट उतरत नाही. तरी उतरवतो. सुल्मामामीला नमस्कार. तुमच्या साल्तोची संत्री पोचली, आंबट होती.

मी बरा आहे, फक्त मूर्खांशी गाठ पडली आहे. मी तुम्हाला घ्यायला लावला तोच लॅपटॉप माझ्याकडेही आहे. त्याच्या कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात मोहरीएवढा डोळा आहे. खोलीतला उजेड बघून स्क्रीन कमीजास्त करायचा, एवढंच त्याचं काम. कारखान्यात त्या डोळ्यात जी अक्कल भरतात तिला फर्मवेअर म्हणतात (भरतात, असं ते म्हणतात). लॅपटॉप चालवणाऱ्या आमच्या लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, आणि तो कर्नल व हा डोळा यांच्यात दुभाष्या असतो तो ड्रायव्हर. हा डोळा झोपेतून उठला की झोपण्याआधीचाच उजेड सांगत बसतो. भर दुपारी झाकण उघडावं, तर हा म्हणतो रात्र आहे. बनवणाऱ्यांना लिहिलं, तर उत्तर आलं की गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करा. शेवटी ड्रायव्हर मीच दुरुस्त केला आणि कर्नलवाल्यांच्या यादीवर ईमेलनं पाठवला. तो स्वीकारला गेला की माझं नाव कर्नलमध्ये कायमचं लागणार. हे मी रविवारच्या मांस भाजण्याच्या बैठकीत सगळ्या घरासमोर सांगून बसलो आहे. आपला विल्मार (बहिणीनं काय पाहिलं त्याच्यात, देव जाणे) तेव्हापासून मला ‘कर्नलसाहेब’ म्हणतो आणि दर रविवारी, निखारे ढोसत, नाव लागलं का ते विचारतो.

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला दार्दो. मला त्या डोळ्याची दुसरी खोड सापडली. काम करता करता स्क्रीन उगाच मंद होतो, मध्येच दोन क्षण लख्ख होतो, परत मंद. ते लख्ख होणं म्हणजे फर्मवेअरची थाप, असं ठरवून मी ती थाप गाळणारी अशी काही करामत लिहिली की माझे मलाच डोळे भरून आले. ऑफिसातल्या तिघांनी तपासून ‘आमच्याकडेही अगदी असंच होतं’ असं सहीनिशी लिहून दिलं.

पण कर्नलच्या या भागाच्या प्रमुख वीबकेबाई, राहणार जर्मनी. त्यांच्याकडे तसं होईना. नॉर्वेवाल्याकडे होईना, जपानवाल्याकडे होईना. मी यादीवर स्पष्ट लिहिलं की उजेड कशाला म्हणतात हे ज्यांना वर्षातून दोन महिनेच कळतं, त्यांनी सेन्सरबद्दल बोलू नये. बाईंनी एका ओळीत विचारलं, “टेबलावर काय काय असतं?” मी म्हटलं, “माणसाच्या टेबलावर असतं ते.” आणि तोऱ्यात फोटो पाठवला. बाईंनी त्यावर लाल गोल काढून परत पाठवला. गोलात माझा थर्मास.

आता थर्मास डावीकडे नाही ठेवायचा तर कुठे ठेवायचा? उजव्या हातात येर्बा प्यायचा भोपळा असतो. ऑफिसात सगळ्यांचा डावीकडेच असतो, खिडकीही डावीकडेच आहे. बाईंचं म्हणणं असं की भोपळ्यात गरम पाणी ओतायला थर्मास उचलला की स्क्रीन लख्ख होतो आणि ठेवला की मंद. बाईंना वाटतं उरुग्वेत माणसं येर्बा पितात एवढंच करतात. आणि समजा सावली पडलीच, तर थर्मासच्या जागेवर डोळा बसवणाऱ्याला अक्कल नको? तर बाईंनी सगळंच अडवून धरलंय. येर्बा न पिणाऱ्या एखाद्या उरुग्वेवाल्यानं तपासून सही दिल्याशिवाय काहीच घेणार नाहीत, त्या पहिल्या, खऱ्या खोडीची दुरुस्तीसुद्धा नाही.

मामीची काळजी घ्यावी. संत्री पुन्हा पाठवू नयेत.

तुमचा भाचा,
दार्दो

ता. क. : येर्बा न पिणारा उरुग्वेवाला माझ्या ओळखीत एकच आहे. लॅपटॉप खिडकीशी उघडा, तुमचा तो चहा प्या आणि स्क्रीन मंद होतो का ते बघा. विल्मारला यातलं काही कळता कामा नये.

पुन्हा ता. क. : ‘फुलवाले मामा’ हे नाव मी ठेवलेलं नाही, विल्मारनं ठेवलं. मी फक्त पसरवलं. संत्री तशी गोडही होती.

शेवटचा ता. क. : मंद झालाच नाही, तर बाईंना इतक्यात कळवू नका. मामीकडून थर्मास मागून घ्या, डावीकडे ठेवा आणि पुन्हा बघा. मग बेलाशक लिहा की येर्बाचा थेंबही न घेता तपासलं. थर्मास भरायची गरज नाही, रिकाम्याची सावलीही तेवढीच पडते.