सोमवारची धुलाई

ता. २ सप्टेंबर, सोमवार
मुक्काम: घड्याळजींच्या दुकानावरची खोली

ती. अक्कास,
बापूचा सप्रेम सलाम वि. वि.

गाडी आणि मी, दोघंही सुखरूप पोहोचलो. रस्त्यात कुरकुर केली ती मीच, गाडीने नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. किल्ली तुझ्याकडे आहेच, तर कुंड्यांना पाणी घाल आणि माझ्या पुस्तकांना हात लावू नकोस.

मी का निघालो ते तुला ठाऊक आहे, तरी एकदा लिहून टाकतो, म्हणजे माझं मलाही स्पष्ट होईल. त्या रविवारी उपदेशाच्या मधोमध माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. पुढचं वाक्यच येईना. कुणीतरी गीत सुरू केलं म्हणून अब्रू वाचली. आता चर्चचे पंच म्हणतात, पाळकसाहेब, व्यासपीठ तुम्हीच सांभाळणार की तरुण सहायकाच्या हाती देणार, ते फिरून आलात की सांगा. मंडळी माझ्या तोंडावर खरं बोलणार नाही. खरं बोलणारी माणसं मला तीनच ठाऊक: घड्याळजी, भट्टीवाला आणि बाई.

सेवेच्या पहिल्या वर्षांत आम्ही चौघं एकाच चर्चमध्ये होतो. घड्याळजी ऑर्गन वाजवायचे, भट्टीवाला तेव्हा माझ्याच बरोबरीचा पाळक होता, आणि बाई मुलांची रविवारची शाळा चालवायच्या. दर सोमवारी सकाळी मागच्या खोलीत चहा व्हायचा आणि आदल्या दिवशी जो बोलला त्याची धुलाई. नियम एकच, कौतुक करायचं नाही. बाई म्हणायच्या, कौतुकाला एक दिवस राखून ठेवलाय, माणूस पेटीत निजला की करू. किती वेळा मी रडकुंडीला आलोय! पण मला जे काही बोलता येतं, ते त्या खोलीने शिकवलं.

काल इथल्या चर्चमध्ये बोललो. आज सोमवार, म्हणून सकाळीच मार खायच्या तयारीने दुकानात जाऊन बसलो. घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि म्हणाले, फार छान झालं, बापू. अक्का, मला तर पंख फुटले!

मग जुन्या गोष्टी निघाल्या. तुला हे कधी सांगितलं नसेल. आम्ही एकदा त्या खटारा व्हॅनमधून एका अंत्यविधीला निघालो, तर फाटकातच हॉर्न अडकला. थांबता थांबेना. सगळे शोकाकुल लोक वळून बघताहेत आणि आम्ही बोंब मारत आत. घड्याळजींनी खिशातल्या बारीक पकडीने तार तोडली, तेव्हा कुठे शांतता. मयताची बायकोच आधी हसली. म्हणाली, यांना आयुष्यभर झोपेतून उठवलं, आज पहिल्यांदा उठले नाहीत.

पुढचा मुक्काम भट्टीवाल्याकडे. पत्र तिकडेच टाक. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
बापू

ता. ७ सप्टेंबर

चि. बापूस,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. कुंड्या जिवंत आहेत. पुस्तकांना हात लावला आहे, कारण त्यांच्यावरच्या धुळीत बी पेरलं असतं तर उगवलं असतं.

तुझा सहायक रविवारी बोलला. पोरगं प्रामाणिक आहे, पण बोलतं असं की जणू शेवटची बस सुटतेय. लोक तुझी चौकशी करतात. पंचांपैकी एकजण दोनदा घरी येऊन गेले. मी चहा पाजून वाटेला लावलं.

खरं बोलणारी माणसं तुला तीनच ठाऊक आहेत, हे वाचून अंमळ गंमत वाटली. चाळीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून मी काय लोकांना अंगाई म्हणत होते? असो. बहीण म्हणजे घरकी मुर्गी. तू मला विचारलं नाहीस, म्हणून मी सांगत नाही.

गोळ्या वेळेवर घे. प्रकृतीला जप, आणि म्हातारीला कधीमधी आठवत जा.
तुझी,
अक्का

ता. १६ सप्टेंबर, सोमवार
मुक्काम: भट्टी

ती. अक्कास,
बापूचा सप्रेम सलाम वि. वि.

रुसू नकोस. तू घरची, तुला कसलं मोजायचं?

इथे पहाटेपासून पावाचा वास अंगाला चिकटतो. भट्टीवाला पोटाने दुप्पट झालाय. म्हणतो, उपदेश लोकांच्या डोक्यावरून जायचा, पाव थेट पोटात जातो, म्हणून पाळकी सोडल्याचं दुःख नाही. पण पिठाचे हात पुसून त्याने मला मिठी मारली तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ सुटलो नाही. तीच दाढी, तोच ढगासारखा आवाज. त्या मागच्या खोलीतली मोडकी खुर्ची, चहाची कळकट किटली, सगळं क्षणात समोर उभं राहिलं.

काल त्याच्या गल्लीतल्या छोट्या हॉलमध्ये बोललो. आज त्याची बोलणी खायला बसलो, तर हाही म्हणतो, बापू, ऐकत राहावंसं वाटलं. डोळे पुसत होता. भट्टीचा धूर असेल.

हो, तुला एक गंमत कधी सांगितली नसेल. एकदा आम्ही एका अंत्यविधीला व्हॅनमधून निघालो आणि फाटकातच हॉर्न अडकला. सगळे वळून बघताहेत आणि आम्ही बोंब मारत आत. शेवटी भट्टीवाल्याने दाताने तार तोडली. मयताची बायको हसून म्हणाली, यांना आयुष्यभर झोपेतून उठवलं, आज पहिल्यांदा उठले नाहीत. आम्ही दोघं काल हसून हसून लोळलो.

तर अक्का, माझं ठरलं. आल्यावर पंचांना सांगणार, व्यासपीठ मी सोडत नाही. दोघांनी हिरवा कंदील दिला, आता बाईंचा तेवढा बाकी. त्या वृद्धाश्रमात असतात, पत्र तिकडेच पाठव. तुझ्या आशीर्वादावर डोळा ठेवून,
तुझा,
बापू

ता. २१ सप्टेंबर

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं. तू विचारलं नाहीस तरी आता सांगते.

व्हॅनच्या हॉर्नची गोष्ट तू मला दोन्ही पत्रांत सांगितलीस. दोन्ही वेळा, कधी सांगितली नसेल, असं म्हणून. पहिल्यात तार घड्याळजींनी पकडीने तोडली, दुसऱ्यात भट्टीवाल्याने दाताने. निघण्यापूर्वी जेवताना सांगितलीस ते वेगळंच. त्यात ती तू तोडली होतीस.

ज्यांनी तुला कधी एक बरा शब्द दिला नाही, ते दोघं एकाएकी कौतुक करायला लागले, याचा अर्थ तुला मी सांगायला हवा? पेटीचा नियम तूच मला लिहून कळवलास. तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा त्यांचा हेतू नसणार. त्यांच्या जिवावर आलं असेल. माझ्याही येतंय.

त्या रविवारी तू मध्येच अडकलास. लोकांना तो एक क्षण वाटला. मी मात्र वर्षभर बघतेय. तू दूध तापत ठेवतोस आणि विसरतोस, शेजाऱ्याला त्याच्या वारलेल्या वडिलांची खुशाली विचारतोस. सगळ्यांसमोर पुन्हा तुझी तशी शोभा झालेली मला बघवणार नाही. व्यासपीठ आपल्या पायांनी उतर, कुणी हात धरून उतरवण्याआधी.

रागाव. हवा तेवढा रागाव. पण घरी ये. डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ.
तुझ्या शिव्या खायला तयार असलेली,
अक्का

ता. ३० सप्टेंबर, सोमवार
मुक्काम: वृद्धाश्रम, बाईंच्या खिडकीजवळचं टेबल

ती. अक्कास,
बापूचा सप्रेम सलाम वि. वि.

रागावलो. गाडीत जाऊन बसलो आणि तुझ्याविरुद्ध मनातल्या मनात एक जोरदार उपदेश केला. त्यातही मध्येच अडकलो, तेव्हा राग संपला.

बाई आता चाकाच्या खुर्चीत असतात, पण जीभ चालती आहे. तुझं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, ही बाई आपल्या सोमवारी हवी होती. मग कळलं की घड्याळजी आणि भट्टीवाला, दोघांनीही त्यांना फोन केला होता. भट्टीवाला तर फोनवर रडला. म्हणाला, बाई, मी तोंड उघडलं पण कौतुकच बाहेर आलं, आता तुम्हीच काय ते सांगा. म्हणजे तो धूर नव्हताच.

काल इथल्या मंडळींपुढे बोललो. आज सकाळी बाईंनी चहा मागवला आणि माझी धुलाई काढली. फार लांबवलंस. आवाज शेवटी पडला. गोष्टीतल्या उधळ्या मुलाला दोनदा घरी आणलंस, बापाने दोनदा मिठी मारली. अक्का, मी रडत होतो आणि हसतही होतो. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला अजून जिवंत धरलं होतं. शेवटी त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, आता खाली येऊन बस, वर फार दमलास.

पंचांना वेगळं पत्र टाकतोय. व्यासपीठ पोराला द्या, असं लिहिलंय. त्याला सोमवारी चहाला बोलवायचं काम तुझं. बस सुटत नाही, हे त्याला तूच सांग.

मला भीती वाटते, हे तुझ्यापासून लपवत नाही. आज गोष्ट विसरलो, उद्या माणसं विसरेन. डॉक्टरांकडे येईन. खरं बोलणारी माणसं तीन आहेत असं लिहिलं होतं, तेवढं खोडून घे आणि तुझं नाव सगळ्यात वर घाल.

आणि येत्या रविवारी तिसऱ्या बाकावर माझ्यासाठी जागा धर. मी पाळक झाल्यापासून तू त्या बाकावर एकटीच बसत आलीस, कारण तुझा भाऊ कायम समोर उभा. लहानपणी प्रार्थना चालू असताना तू मला चिमटे काढायचीस आणि मार मला बसायचा. आता काढ. मी जागाच आहे.

तुझ्या शेजारी बसायला निघालेला,
बापू