वाचून पाहिला, बरोबर आहे

पुणे, २० सप्टेंबर १९७८

अब्बा,

रिहे गावच्या कुशाबावर पाण्याचं इंजिन चोरल्याचा खटला आहे आणि मी त्याचा वकील आहे. इंजिन त्याच्या गोठ्यात सापडलं, असं पंचनामा म्हणतो. खाली 'वाचून पाहिला, बरोबर आहे' असं लिहून पंच म्हणून तुमची सही.

ईदला जेवताना तुम्हीच अम्मीला म्हणालात, "रिह्याला कोन गेलं हुतं? फौजदार चहाला आले, कागद म्होरं केला. न्हाई कसं म्हणायचं? पौडात दुकान चालवायचं हाय." मी चिडलो, तर म्हणालात, "चोराची बाजू घेतोस व्हय?"

घेतो. तो चोर असेलही. पण त्याला तुरुंगात धाडायचं तर खऱ्या कागदावर धाडा.

साक्षीदाराला वकिलानं पढवायचं नसतं, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही. फौजदारानं मोडला तो कायदा मी पाळीन. उद्या तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहाल, तेव्हा तुम्हाला अब्बा म्हणणार नाही. एवढंच विचारीन: "तुमचा मुलगा वकिली शिकायला निघाला, तेव्हा एसटीत बसवताना त्याला कोण म्हणालं होतं, वाचल्याबिगर कुटं सही करू नगंस?"

तुमचं ऐकलेला,
हाफीज