वालाचा नवस

आई, मी हावरट नव्हते. हे ऐकायला तू हवी होतीस. आज शहापूरला आम्हा अंगणवाडीच्या बायकांचं प्रशिक्षण होतं. आहाराची माहिती द्यायला आलेल्या बाई बोलत होत्या आणि माझ्या हातातला चहा हातातच निवला. त्या म्हणाल्या, नुसती पेज किंवा मऊ भात पोटातून लवकर पुढे सरकतो, मूल थोड्या वेळात पुन्हा खायला मागतं. सोबत वाल, डाळ, सुकट, अंडं असलं की आतड्यातून जी हार्मोन सुटतात, ती मेंदूला कळवतात, आता पुरे. बाकीच्या लिहून घेत होत्या. मला मात्र आपलं मुरबाडकडचं घर दिसलं.

तू चुलीपुढे बसून मोड आलेले वाल सोलते आहेस. मी नुकतीच पेज पिऊन उठलेय आणि पुन्हा टोपाचं झाकण उचलतेय. "आताच जेवलीस ना गो? पोट हाय का कणगी?" तू ओरडतेस. ओटीवरून आत्या म्हणते, "वालानं भूक खवळते पोरीची. बंद कर तिचे वाल." तुला ते पटलं. माझ्या ताटातले वाल दादाच्या ताटात गेले, मागोमाग सुकटही गेली, आणि मला उरला मऊ भात. भूक आणखीच लागायला लागली. मग तू मला गावदेवीपुढे उभं केलंस. "आये, हिची वखवख जाऊ दे. तवर मी वालाला तोंड लावणार नाय."

वालाचं बिरडं म्हणजे तुझा जीव की प्राण. तरी तू ते सगळ्यांसाठी सोललंस, शिजवलंस, मीठ बघायला शेजारणीला हाक मारलीस, आणि स्वतः भात-मीठ कालवून उठलीस. वर्षानुवर्षं. माझ्या हावेपायी आईचं बिरडं तुटलं, याची लाज घेऊन मी मोठी झाले. सासरी कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. आणि आज कळतंय की ती वखवख तूच मला रोज वाढत होतीस, तीही मायेनं. उपाय तुझ्याच हाताखाली शिजत होता गं! मला रडावं की ओरडावं तेच कळेना. तू गेलीस तेव्हाही नवस तसाच राहिला होता.

घरी मोड आलेले वाल होते. आल्या आल्या बिरडं केलं, देवीला नैवेद्य दाखवला आणि दोन पानं वाढली, एक तुझं. हे पत्र कुठे धाडायचं नाही, ठाऊक आहे. पण एक सांगून टाकते. माझं पान संपलं तेव्हा पोट अगदी भरलं होतं. तरी तुझ्या वाटणीचंही मीच खाल्लं.