अरबस्तानात वर ओढलेली बोट

मुरबे,
ता. ११ ऑगस्ट १९८६

एकनाथा,

पोरींचे निबंध पोरींनीच तपासायचे, ही कसली शाळा? मग बाईंना पगार कशाचा मिळतो? माझ्या घरात आग लागली ती या नव्या फॅशनपायी, आणि विझवायची पाळी तुझ्यावर आली हाय, म्हणून हा कागद काळा करते. राम राम. मी बरी हाय. तू बरा असशीलच, तुझ्यासारख्यांना काही होत नाय. तुझ्या बायकोला आशीर्वाद लिहिणार होते, पण उधळपट्टी मला आवडत नाय.

तुझी हंसा दहावीत गेली. शाळा बोईसरलाच, दोन वर्षं झाली. तुझ्या कारखान्याच्या भिंतीला लागून एस.टी. जाते, तिच्यात ती रोज दोनदा बसलेली असते. तुला ठाऊक नव्हतं ना? असू दे.

तिच्या मराठीच्या बाईंनी निबंध दिला. महाकाव्यातला एक वीर घ्यायचा, त्याची पारख करायची, आणि आपल्या ओळखीच्या एका माणसाशी ताडून बघायचा. मग वह्या बदलायच्या. दुसरीने समासात पेन्सिलीने शंका लिहायच्या, पहिलीने सुधारून पुन्हा लिहायचं. येत्या सोमवारी चांगली प्रत द्यायची हाय.

हंसाने मला वाचून दाखवला. कोणी एक धनुष्यवाला घेतला होता, नाव मी विसरले आणि विसरले ते बरं झालं. राज्य सोडतो, आईला रडत ठेवतो, रानात जाऊन झाडाखाली बसतो, आणि लोक म्हणतात काय हा त्याग. मागे घरात चूल कोणी पेटवली ते कोणी गायलं नाय. हंसा लिहिते, वीर जातो, सोसतो आणि परत येतो. आणि ओळखीतला वीर कोण? तर माझे बाबा.

हसू नको. तिला मीच सांगितलं होतं, तू परदेशी बोटीवर हायस म्हणून. तिची आई भागी वारली तेव्हा पोर पाच वर्षांची. दुसऱ्या वर्षी तू गेलास, आणि ती रोज बंदरावर जाऊन बसायला लागली. तिला काय सांगणार होते, तुझा बाप बोईसरला दुसरं घर करून लोखंड कापतो? मग तुझ्या नावाने तीन पत्रं पण लिहिली. मला सहीपुरतंच लिहिता येतं असं तिला वाटायचं. त्या पत्रांतला एकनाथ फार चांगला हाय. लेकीची आठवण काढतो, आईला जप म्हणतो. लिहिताना मलाच त्याचा वीट यायचा.

हंसाची वही गेली नर्मदा नावाच्या पोरीकडे. कॉलनीत राहते, बाप नागपूरकडून बदलून आलेला. दोन वर्षांमागे हिने समुद्र बघितला नव्हता. बोंबील दिसला की नाक धरते. मी हंसाला म्हटलं, ‘ती काय शोधणार? मीठ?’

तिने शोधलं. हंसाने पुरावा म्हणून तुझ्या, म्हणजे माझ्या, पत्रातलं वाक्य उतरवलं होतं: ‘आखाड लागला, आमची बोट वर ओढली, आता नारळी पुनवेपर्यंत अरबस्तानात बसून हाय.’ त्याच्या बाजूला नर्मदाने लिहिलं, ‘मला समुद्रातलं कळत नाही. पण एवढी मोठी लोखंडी बोट पावसात किनाऱ्यावर ओढतात का? कोण ओढतं?’

सहा वर्षं ते पत्र मुरब्यात फिरलं. शेजारची नवसी ऐकून म्हणाली होती, ‘बरं हाय बाय, तिकडे पण आपल्यासारखंच पाळतात.’ तिचा नवरा तांडेल, चाळीस वर्षं बोटीवर, तो पण मान हलवून गेला. अख्ख्या गावात कोणाला खटकलं नाय. लिहिताना मला पण नाय. पावसात मासेमारीची बोट किनाऱ्यावर वर असते, आपल्याला एवढंच ठाऊक.

हंसा घरी आली, दप्तर उतरवलं नाय, पेटीतली पत्रं काढली.

‘आजी, ही कोणी लिहिली?’

‘तुझ्या बापाने.’

‘आजी.’

‘मी लिहिली.’

‘बाबा मेले का?’

‘नाय. बोईसरला हाय.’

‘बोईसरला,’ म्हणाली, आणि हसली. किती लांब ते तिला रोज तिकिटावर कळतं.

तेव्हापासून कामापुरतं बोलते. मी त्या नर्मदाला शिव्या घातल्या तर म्हणाली, ‘तू जाळं विणलंस की गाठी ओढून बघायला नवसीकाकीकडे देतेस. स्वतः का नाय बघत?’ आपण मारलेली गाठ आपल्याला पक्कीच वाटते, म्हणून दुसऱ्या हातात देतात. हे तिला मीच शिकवलं होतं.

समासात आणखी एक शंका हाय. ‘वीर परत येतो म्हणतेस. बाबा परत आल्याचं कुठे दिसत नाही.’ हंसाने तुझा भाग अजून खोडलेला नाय. म्हणते, परत आले का नाय ते त्यांनाच जाऊन विचारते. मी चार दिवस थोपवून धरली हाय.

का थोपवली, ते आता लिहिते. तू आला होतास. एकोणऐंशीचा शिमगा. नव्या बायकोला एस.टी.च्या थांब्यावर उभी करून दारात आलास आणि म्हणालास, पोरीला न्यायला आलोय. मी म्हटलं, ती मामाकडे सातपाटीला हाय, तुझं नाव काढलं तरी रडते. ती आत चुलीपाशी भात खात होती. तुझ्यापासून सहा पावलं.

माझं चुकलं असं मी लिहिणार नाय. भागी गेली, तू गेलास, ती पण दिली असती तर या घरात मी आणि मांजर. पण तू? एक खोटं ऐकलंस आणि साडेचारची एस.टी. धरलीस. सातपाटी खाडीपलीकडे, तरीत बसून जायचं, तेवढं पण गेला नायस. कच्चं खोटं होतं ते, नर्मदाने पेन्सिलीने पाडलं असतं. तू त्याला बोट पण लावलं नायस. उलट तुला सुटल्यासारखं झालं. मी तुझं तोंड बघत होते.

हंसाला हे मी अजून सांगितलेलं नाय. माझी जीभ कशी चालते ते तुला ठाऊक हाय, पण इथे वळत नाय. तेव्हा तू लिही. मी दारातून परत पाठवला ते लिही, आणि तू का परत फिरलास ते पण लिही. एक लिहून दुसरं गाळलंस तर ती विचारल्याशिवाय राहायची नाय.

शनिवारपर्यंत टपाल पोचलं पाहिजे. बायकोच्या हातचं नको, तुझ्या हातचं. मला काही लिहू नको. तुझ्या नावाने मी आता एक अक्षर काढणार नाय, म्हणून उत्तर तूच द्यायचंस, आणि ते हंसाला.

जन्म दिला म्हणून तुझी आई,
येसूबाई