एकशेबारावा भाग

३ मार्च

नाही म्हणजे नाही! जुळी बहीण येणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत संपादकांचा फोन. त्यांच्या साइटवर माझी चित्रकथा दर शुक्रवारी जाते, आजवर दोनशे एक्याण्णव भाग. "अगं, वाचकांनी आयती कथा हातात दिलीय. बुडीला जुळी बहीण आहे हे आता पोरंसोरंही सांगतात. तू फक्त हो म्हण!" आयत्या बिळावर नागोबा व्हायचं नाही मला, म्हटलं. ते हसले. मी नाही.

५ मार्च

एकदा नीट लिहून ठेवते. बुडी, माझी नायिका, पाण्याखाली उतरून धरणाचे दरवाजे दुरुस्त करते. डाव्या भुवईत व्रण. भाग ११२ मध्ये मात्र तो उजव्या भुवईत आहे. वाचकांनी तर्क लढवला— ही ती नव्हेच! साडेतीन वर्षं त्यावर वाद, पुरावे, शपथा.

खरं कारण एका ओळीचं आहे. चित्र तिरकं जातंय का हे कळावं म्हणून मी पान आरशासारखं उलटं करून बघते. चित्रं काढणारे सगळेच बघतात. मग ते परत सुलटं करायचं असतं. त्या गुरुवारी विसरले. अक्षरं नंतर बसवली, ती सरळच बसली, म्हणून ध्यानात आलं नाही.

प्रयोगशाळेत दिवसभर मी लोकांचे प्रेशर गेज तपासते. काटा ठरल्यापेक्षा जरा जास्त चुकला की लाल चिठ्ठी लावून परत. आणि स्वतःच्या नायिकेची भुवई—!

७ मार्च

२९२ गेला. खाली लिहून टाकलं: "भाग ११२ मध्ये माझी चूक झाली. पान उलटं राहिलं. जुळी बहीण नाही, नव्हती, असणार नाही. कथा संपेल त्या दिवशी ११२ दुरुस्त करून टाकीन."

८ मार्च

शिव्यांचा पाऊस. सगळ्यांत चांगली: "हिची कथा हिलाच कळली नाही." दुसरा म्हणतो, चूक म्हणे! लपवतेय ती. आता याला काय सांगणार? कपाळ!

११ मार्च

संपादक— "बघ हां, लोक निघून चाललेत. एक तर बहीण आण, नाही तर तीनशेव्या भागात आवर."

आवरते.

"अगं, विचार तरी कर!"

केला, म्हटलं.

माझ्या तक्त्यात तीनशेचाळीस ओळी आहेत. एक ओळ, एक भाग. कोण कुठे आहे, कुणाला काय माहीत आहे, कुणाची जखम कुठल्या बाजूला. झगा बेतून झाल्यावर कुणी चाळीस बोटं कापड काढून घ्यावं तसं झालंय. रडायचं कशाला? पुन्हा बेतायचा.

१५ मार्च

कापलं: बंदरातला संप. बोगद्यातला पूर, सगळाच. घड्याळवाल्याचं लग्न— याचं वाईट वाटलं, मेल्यानं दोनशे भाग वाट पाहिली होती.

शेवटचा भाग बदलला नाही. पहिल्याच वर्षी लिहिलेला आहे. दार उघडं, दिवा लावलेला, बुडी येत नाही. संपादक म्हणतात निदान शेवटी तिला घरी आण, लोक शांत होतील.

ज्यांना यायचं नसतं ते येत नाहीत.

१६ मार्च

आई मागे येऊन उभी राहिली. "किती वर्षं त्या बाईला पाण्यात ठेवणारेस? सर्दी होईल तिला." मग पडद्यावरच्या भुवईकडे बोट नेलं. टेकवलं नाही. "अगदी असाच आहे. तू ढकललं होतंस. कपाटाचा कोपरा."

हो, म्हटलं. चित्रावरून नजर काढली नाही.

ताईचं नाव तिनं घेतलं नाही. घरात कुणी घेत नाही. सहा वर्षांपूर्वी बाबांशी भांडून गेली. बाबा म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तिनं ते ऐकलं! जन्मात त्यांचं एक ऐकलं नव्हतं, हे ऐकलं. बाबा गेले तेव्हाही आली नाही. पत्ता नाही, फोन नाही. ती गेली त्याच वर्षी मी भाग १ काढला.

मी वाट बघत नाही. मी तक्ता चालवते.

२१ मार्च

२९४. वाचक निम्म्यावर. गेले ते गेले.

२९ एप्रिल

तीनशेवा तयार. दार, दिवा, रिकामी पायरी. ११२ पण सुलटा केला. बटण एकच, पण पान फिरलं की नंतर बसवलेली अक्षरं सगळी जागेवरून जातात. ती पुन्हा बसवण्यात तीन सकाळी गेल्या. दोन्ही शुक्रवारी जातील. मग कुणाचं काही देणं नाही, घेणं नाही.

संपादक म्हणाले, "मोडशील पण वाकणार नाहीस तू." मोडतेय कशाला?

३० एप्रिल

कथेच्या पानावरून एक खाजगी मेसेज आला. नाव नाही.

"११२ दुरुस्त करू नकोस. बाकी सगळ्या भागांत मी तुला दिसते तशी आहे. त्या एका भागात मला रोज आरशात दिसते तशी. आणि भाग ४० मध्ये बुडी कपाटावर आपटते ते चूक आहे. पलंगाचा कोपरा होता."

सकाळभर एक रेघ सरळ आली नाही.

१ मे

११२ जसा आहे तसाच राहील. तीनशेवा थांबवला; संपादकांना कळवलं, ओरडू देत. तक्त्यात तीनशेएकावी ओळ नव्यानं उघडली. कोरी आहे.

तिला उत्तर पाठवलं: "कपाटच होतं. कपाट आणि पलंग, दोन्ही अजून इथंच आहेत. येऊन सिद्ध कर!"