तळ्याचं पाणी आणि शेवग्याची पूड

३ मार्च

ठिबकच्या नळ्या पुन्हा तुंबल्या! तळ्याचं पाणी म्हणजे नुसता गाळ. रोपवाटिकेतली मिरचीची रोपं माना टाकून बसली आहेत. ताई आणि मी सकाळभर सुईने एकेक छिद्र मोकळं करत होतो. ताईचं नवीन खूळ — शेवग्याच्या बियांची पूड पाण्यात घातली की गाळ खाली बसतो म्हणे. मी म्हणालो, मग जगात गढूळ पाणी उरलंच कसं? ती हसली नाही.

६ मार्च

ताईने बिया सोलल्या, कुटल्या, फडक्यातून चाळल्या. पिंपात ढवळायचं काम माझं. मोठा दांडा घेतला आणि घुसळलं — अगदी दम लागेपर्यंत! दुपारी पाहतो तर पाणी होतं तस्सं.

डोकं फिरलं. कामाच्या बायकांसमोर बोलून गेलो, "माझ्याकडे राहायचं आणि वर माझंच पाणी नासवायचं!"

ताईने पुडीच्या डब्याला झाकण लावलं, हात धुतले आणि आत गेली. दाजी गेल्यावर मीच तिला आग्रह करकरून इथे आणलं होतं. जीभ का झडली नाही माझी!

७ मार्च

ताई लेकीकडे गेली. "कधीची बोलावतेय ती," एवढंच म्हणाली. मी अडवलंही नाही.

१० मार्च

घर खायला उठतं. बायको कामापुरतं बोलते.

१४ मार्च

उरलेली पूड फेकायला निघालो होतो. बायकोने डबा हिसकावला — "आधी मला बघू दे." पूड टाकून तिने पाणी एकदा जोरात फिरवलं. मग हळूहळू, पाळणा हलवावा तसं, कितीतरी वेळ. गाळाचे बारीक गोळे धरायला लागले. तासाभरात सगळे तळाला! वरचं पाणी नितळ.

म्हणजे धरलेले गोळे मीच घुसळून फोडत होतो. नाचता येईना अंगण वाकडं — आणि बोल लावला कुणाला, तर ताईला!

१५ मार्च

फोन हातात घेतला. ठेवून दिला.

१८ मार्च

नळ्या सुरळीत वाहताहेत. रोपं सावरली. कामाच्या बायका म्हणाल्या, "ताईंना कळवलंत की नाही?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं तर आज ती इथे हवी होती. फार चुकलं माझं.

२० मार्च

शेवटी फोन केला. सगळं सांगितलं. माफी मागितली. म्हटलं, परत ये.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, तू घुसळत होतास तेव्हा मी दारातच उभी होते. चुकतंय ते दिसत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पाणी निवळलं असतं. मग तू मला लेकीकडे जाऊ दिलं असतंस का?"